अमली पदार्थांच्या संशयावरून झडती: दारापासून रिमांडपर्यंत काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या खटल्यात बरंचसं पहिल्या दोन-तीन तासांतच ठरून जातं. पोलीस आले की माणसं 'माझा काही संबंध नाही' हे पटवून देण्यात सगळी ताकद घालवतात. ज्या कागदांवर पुढची दहा वर्षं अवलंबून असतात, त्यांवर मात्र न वाचता सह्या करून मोकळी होतात. वकिलाकडे येतात तेव्हा अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करून घेण्याचा हक्क 'नको' म्हणून सोडलेला असतो, पंचनाम्यावर सही झालेली असते आणि दंडाधिकाऱ्यांसमोर 'काही तक्रार नाही' असं सांगून झालेलं असतं.

झडतीला अडथळा आणण्याचा एकही सल्ला या लेखात नाही. झडती कायद्याने ठरवलेल्या क्रमाने व्हावी, आणि झाली तशीच ती कागदावर उतरावी, एवढ्यासाठी हे लिहितोय.

कागदांवर या कायद्याचं नाव 'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५' असं लांबलचक येतं. त्याच्या जोडीला १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. खाली 'संहिता' म्हटलंय ती हीच. जुनी कलमं अजूनही सगळ्यांच्या तोंडी आहेत, म्हणून गोंधळ झाला तर कोणत्या कायद्याचं कलम ते विचारून घ्या.

## टप्पा १: आधीची तयारी

घरात झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या असतील तर मूळ पाकीट, दुकानाचं बिल आणि डॉक्टरची चिठ्ठी एकत्र ठेवा. अल्प्राझोलामसारखी साधी वाटणारी गोळीही या कायद्याखाली येते. स्वतःच्या उपचारासाठी अशी औषधं एका वेळी १०० मात्रांपर्यंत जवळ ठेवता येतात. दीर्घ आजारात डॉक्टरने तसं खास लिहून दिलं असेल तर ३०० पर्यंत. चिठ्ठीशिवाय सुट्ट्या पट्ट्या ठेवणं ही सर्वांत सहज टाळता येणारी चूक आहे.

दुसऱ्याची बॅग किंवा पार्सल 'जाता जाता देऊन ये' म्हणून घेऊ नका. गोव्यात भाड्याची स्कूटर घेतली तर निघण्याआधी डिकी उघडून आत काय आहे ते मालकासमोरच बघा. घर भाड्याने दिलं असेल तर भाडेकरार नोंदवा. आपली जागा जाणूनबुजून या कामासाठी वापरू देणाऱ्या मालकालाही कलम २५ खाली तीच शिक्षा आहे.

एका वकिलाचा नंबर पाठ करा किंवा पाकिटात कागदावर लिहून ठेवा, कारण फोन सर्वांत आधी जप्त होतो. वकील परवडत नसेल तर १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत नंबर लिहून ठेवा.

घरातलं कोणी व्यसनात अडकलं असेल तर झडतीची वाट बघू नका. सरकारमान्य संस्थेत स्वतःहून उपचार घेणाऱ्याला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून कलम ६४ए संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेता येतं. व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे.

## टप्पा २: समोरचा खरा अधिकारी आहे का?

'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) सापडलं' असं सांगून व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसवून ठेवणारी टोळी पोलीस नसते. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कोणत्याही कायद्यात नाही आणि व्हिडिओ कॉलवर झडती होत नाही. कॉल कापा आणि १९३० वर तक्रार करा.

प्रत्यक्ष दारात कोणी आलं तर आतूनच नाव, हुद्दा, पोलीस ठाणं किंवा पथक विचारा आणि ओळखपत्र बघा. शंका असेल तर ११२ वर फोन करून खात्री करा. हे दोन मिनिटांत उरका आणि खात्री पटली की दार उघडा. झडतीला वाट देणं घरात राहणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि अडवलं तर दार तोडण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे.

इशारा: घाबरून काही गिळणं, खिडकीतून फेकणं, संडासात टाकणं यांतलं काहीही करू नका. गिळलेली पुडी पोटात फुटली तर माणूस दगावतो. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हाही लागतो.

## टप्पा ३: कोणत्या जागेची झडती, त्यावर नियम ठरतो

'वॉरंट कुठाय?' हा प्रश्न सगळे विचारतात. एनडीपीएसमध्ये अनेकदा वॉरंट लागतच नाही, आणि त्यावर वाद घालण्यात मोक्याचा वेळ जातो.

घर, इमारत, बंदिस्त जागा. कलम ४२ नुसार शिपायाच्या वरच्या दर्जाचा आणि सरकारने अधिकार दिलेला अधिकारी सूर्योदय ते सूर्यास्त विनावॉरंट झडती घेऊ शकतो. मात्र मिळालेली खबर त्याने आधी लिहून काढायला हवी आणि तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठांना पाठवायला हवी. सूर्यास्तानंतर यायचं असेल तर वॉरंट आणेपर्यंत माल किंवा माणूस पसार होईल असं का वाटलं, त्याची कारणंही लिहावी लागतात.

२००९ मध्ये कर्नैल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की हे लिखाण मुळीच न करणं चालणार नाही, पण उशीर झाला आणि त्याचं समाधानकारक कारण दिलं तर चालेल. म्हणून पोलीस नेमके किती वाजता आले हे तुमच्याकडे नोंदलेलं असायलाच हवं.

रस्ता, एसटी स्टँड, हॉटेल, दुकान, सार्वजनिक वाहन. इथे कलम ४३ लागतं आणि खबर आधी लिहून काढण्याची अट नाही.

रस्त्यावर उभी असलेली खासगी गाडी. इथे पोलीसही चुकतात. बूटा सिंग प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खासगी गाडी सार्वजनिक रस्त्यावर असली तरी ती 'सार्वजनिक जागा' होत नाही, तिला कलम ४२ लागू होतं. नाकाबंदीत गाडी अडवली गेली तर हे तिथे ऐकवत बसू नका. जागा, वेळ आणि गाडी कोणाच्या नावावर आहे हे लक्षात ठेवून वकिलाला सांगा.

तपासून घ्या: आल्याची वेळ, प्रमुख अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा, वॉरंट असल्यास त्यावरचा पत्ता, वॉरंट नसल्यास कोणत्या कलमाखाली झडती आहे याचं उत्तर.

## टप्पा ४: अंगझडती आणि कलम ५०

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून हा भाग दोनदा वाचा.

कलम ४१, ४२ किंवा ४३ खाली तुमच्या अंगाची झडती घ्यायची असेल, तर ती जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी अशी मागणी करण्याचा हक्क तुम्हाला आहे. हा हक्क आहे हे आधी सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. १९९९ च्या बलदेव सिंग निकालात हे आलं, आणि २०१० मध्ये विजयसिंह जडेजा विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात घटनापीठाने त्याचं काटेकोर पालन सक्तीचं ठरवलं. 'तुमची कुणासमोर झडती घ्यायची का?' असं मोघम विचारणं पुरत नाही. तो तुमचा हक्क आहे हे सांगितलं गेलं पाहिजे.

प्रत्यक्षात एक छापील पत्र पुढे येतं. वरच्या अर्ध्या भागात हक्काची माहिती असते आणि खाली उत्तराची जागा. अनेकदा उत्तरही आधीच लिहिलेलं असतं: 'मला माझा हक्क समजला. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांची आवश्यकता नाही. आपण झडती घ्यावी.' खाली फक्त सहीची रेघ. माणूस विचार करतो, माझ्याकडे काही नाही, मग कशाला लांबवायचं, आणि सही करतो.

असं पत्र आलं तर:

१. पूर्ण वाचा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.
२. राजपत्रित अधिकारी हवा असेल तर स्पष्ट म्हणा, 'साहेब, माझी झडती राजपत्रित अधिकाऱ्यांसमोर घ्या.' गावात आणि तालुक्यात हे बहुधा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार असतात. माझं मत विचाराल तर हक्क सोडू नका. तास-दोन तास जातील, पण बाहेरचा साक्षीदार मिळेल.
३. उत्तर स्वतःच्या अक्षरात, तुम्हाला येणाऱ्या भाषेत लिहा. खाली तारीख आणि वेळ घाला.
४. छापील उत्तर तुमचं नसेल तर ते खोडा. खोडू दिलं नाही तर सहीच्या शेजारी तुमचं खरं उत्तर लिहा.

पत्रात तिसरा पर्याय असेल, म्हणजे 'किंवा पथकातील अधिकाऱ्यांसमोर', तर तो कायद्यात नाही. २०१४ मध्ये राजस्थान राज्य विरुद्ध परमानंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा पर्याय देणं चूक ठरवलं. दोघांना मिळून एकच पत्र देणंही त्याच निकालात अमान्य झालं. मित्रांसोबत पकडले गेलात तर प्रत्येकाला वेगळं पत्र आणि प्रत्येकाचं वेगळं उत्तर हवं.

एक अपवाद आहे. त्या अधिकाऱ्यापर्यंत नेताना माल हातातून जाईल असं मानायला कारण असेल तर पोलीस तिथेच झडती घेऊ शकतात. मग त्यांनी कारणं लिहून ७२ तासांत वरिष्ठांना पाठवली पाहिजेत.

इशारा: कलम ५० फक्त अंगझडतीसाठी आहे. हातातली पिशवी, सॅक, गाडी, कपाट यांना ते लागू नाही. २०२३ मध्ये रंजन कुमार चढ्ढा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. माल सॅकमध्ये सापडला असेल तर 'मला विचारलं नाही' या एका मुद्द्यावर सुटका होणार नाही.

इशारा: स्त्रीची अंगझडती फक्त स्त्रीच घेऊ शकते. महिला पोलीस नसतील तर 'ताई, फक्त खिसे दाखवा' यालाही शांतपणे नकार द्या आणि महिला कर्मचारी येईपर्यंत थांबा.

## टप्पा ५: घरझडती सुरू असताना

आधी पंच बघा. कायदा दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित आणि शक्यतो त्याच वस्तीतले पंच मागतो. पथक अनेकदा पंच सोबतच घेऊन येतं. त्यांची नावं आणि राहण्याचं ठिकाण विचारून घ्या.

मग पथकाची अंगझडती मागा. जवळजवळ प्रत्येक पंचनाम्यात एक वाक्य असतं: 'छापा पथकाची व आम्हा पंचांची अंगझडती घेण्याची इच्छा आहे काय असे विचारले असता त्याने नकार दिला.' पुष्कळांना हे वाक्य पहिल्यांदा कोर्टात कळतं. तुम्ही 'हो, बघायचीय' म्हणालात तर ते तसंच लिहिलं जाईल. विनयाने मागा, पण मागा.

संहितेच्या कलम १०५ नुसार झडती, जप्ती, यादी आणि पंचांच्या सह्या या सगळ्याचं ध्वनिचित्रमुद्रण व्हायला हवं. ते बहुधा मोबाइलवरच्या ई-साक्ष्य ॲपमध्ये होतं. सुरुवातीलाच विचारा, 'साहेब, रेकॉर्डिंग सुरू आहे ना?' हा प्रश्न रेकॉर्डिंगमध्ये यावा इतक्या स्पष्ट आवाजात विचारा.

घरातल्या एकाने झडतीभर हजर राहावं. तो तुमचा हक्क आहे. पथक दोन खोल्यांत विभागलं तर एकेका खोलीची झडती क्रमाने घेण्याची विनंती करा. सोनं, रोकड, लॅपटॉप उचलले जात असतील तर तिथेच मोजून घ्या.

तपासून घ्या: वस्तू कुठे सापडली, कोणी काढली, त्या वेळी पंच कुठे उभे होते, खोली आणखी कोण वापरतं.

## टप्पा ६: वजन, सील आणि नमुने

शिक्षा वजनावर ठरते, म्हणून काट्याकडे लक्ष द्या. अल्प आणि व्यावसायिक प्रमाणाच्या मर्यादा अशा: गांजा १ किलो आणि २० किलो, चरस १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉइन म्हणजे गर्द ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम, मेफेड्रोन म्हणजे एमडी २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम, एमडीएमए अर्धा ग्रॅम आणि १० ग्रॅम.

गांजाचं उदाहरण घेतलं तर अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन मर्यादांच्या मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा, कमाल वीस वर्षं आणि एक ते दोन लाख दंड.

आता एक किलो शंभर ग्रॅम गांजाची कल्पना करा. तो जाड प्लास्टिकच्या गोणीसकट तोलला, की नुसता? कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया गांजात मोडत नाहीत. काड्या, माती, ओलावा, गोणी हे सगळं मिळून वजन केलं तर माणूस एक वर्षाच्या गुन्ह्यातून दहा वर्षांच्या गुन्ह्यात जातो. म्हणून पिशवीसह वजन आणि निव्वळ वजन दोन्ही वेगवेगळी लिहायला सांगा. गर्द किंवा एमडीत भेसळ असेल तर मात्र तो युक्तिवाद चालत नाही. २०२० च्या हिरा सिंग निकालानुसार पूर्ण मिश्रणाचं वजन धरतात.

वजनानंतर माल पाकिटात घालून लाखेचं सील लागतं, आणि पाकिटावरच्या लेबलवर पंचांच्या सह्या होतात. सीलवरची अक्षरं नीट बघून ठेवा. तोच ठसा पंचनाम्यावर आणि पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात जुळावा लागतो.

जागेवरच नमुने काढण्याची जुनी पद्धत आता बदलली आहे. कलम ५२ए आणि डिसेंबर २०२२ चे नियम यांनुसार नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचे असतात: अफू, गांजा, चरस असेल तर २४ ग्रॅम, इतर पदार्थांचे ५ ग्रॅम, आणि प्रत्येकाचे दोन संच.

इशारा: ५२ए पाळलं नाही म्हणजे खटला संपला, असं समजू नका. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ तेवढ्यावर निर्दोष सुटका होत नाही, बाकीचा पुरावाही बघितला जातो.

## टप्पा ७: पंचनाम्यावर सही करण्याआधी

सुरुवातीची आणि संपल्याची वेळ आधी वाचा. मग ठिकाण, वस्तूंची यादी, वजन, सील, पंचांची नावं. कोऱ्या कागदावर, अर्धवट भरलेल्या छापील नमुन्यावर किंवा मध्ये मोकळी जागा सोडलेल्या पानावर सही करू नका. मोकळी जागा रेघ मारून बंद करायला सांगा.

चूक दिसली तर सहीच्या वर लिहा: 'पान २ वरील वजन मला मान्य नाही' किंवा 'पथक रात्री ८.४० वाजता आले, ६.१० वाजता नाही'. असं लिहिणं अडथळा ठरत नाही. यादीची प्रत घरात राहणाऱ्याला देणं कायद्याने आवश्यक आहे. ती घेतल्याशिवाय दार लावू नका. फोन घेतला असेल तर त्याचा आयएमईआय क्रमांक यादीत आहे का ते बघा. पासवर्ड द्यायचा की नाही, हे वकिलाशी बोलल्यावरच ठरवा.

## टप्पा ८: पोलीस ठाण्यात

अटकेची कारणं लेखी आणि तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व गुन्ह्यांना लागू केलं. लगेच लेखी देणं शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी ती द्यावी लागतात. अटकेच्या कागदावर नातेवाइकाची किंवा वस्तीतल्या कुणाची तरी साक्ष लागते, आणि तुमच्या माणसाला कळवण्याची जबाबदारी पोलिसांची असते. स्त्रीला सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.

चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क मागा. नाव-पत्ता खरा सांगा. स्वतःला गुन्ह्यात अडकवणाऱ्या प्रश्नांवर 'वकिलाशी बोलून सांगतो' एवढं पुरे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. कलम ६७ खाली एनसीबी (केंद्राचा अमली पदार्थ नियंत्रण विभाग) सारख्या यंत्रणेने घेतलेला जबाबही कबुली म्हणून वापरता येत नाही, असं २०२० मध्ये तोफान सिंग प्रकरणात ठरलं. तरी बोललेल्या गोष्टीवरून माल सापडला तर तेवढा भाग पुराव्यात येतो, हे विसरू नका.

वैद्यकीय तपासणीत डॉक्टरला प्रत्येक मार, ओरखडा दाखवा. शेजारी पोलीस उभा असला तरी दाखवा.

## टप्पा ९: दंडाधिकाऱ्यांसमोर

प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत हजर करावंच लागतं. 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' हा प्रश्न येतो तेव्हा घाबरून 'नाही' म्हणणारे फार आहेत, आणि ते उत्तर तसंच नोंदवलं जातं. मारहाण, सही जबरदस्तीने घेणं, कारणं लेखी न मिळणं, खरी पकडल्याची वेळ, जे घडलं ते इथेच सांगा. वकील नसेल तर मोफत वकील मागा.

व्यावसायिक प्रमाणात कलम ३७ मुळे जामीन फार अवघड होतो आणि आरोपपत्रासाठी पोलिसांना १८० दिवस मिळतात. सरकारी वकिलाच्या अहवालावर ती मुदत वर्षापर्यंत वाढू शकते. म्हणूनच वजनाचा वाद पहिल्या रिमांडपासून कागदावर आणायचा.

## पंच म्हणून बोलावलं तर

लेखी आदेश देऊन बोलावलं आणि कारण नसताना नकार दिला तर तो गुन्हा ठरतो. गेलात तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत थांबा आणि जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरच सही करा. ठाण्यात बसवून तयार पंचनाम्यावर सही मागितली तर 'मी तिथे नव्हतो' असं सांगा. तुमच्या सहीवर एका माणसाची वीस वर्षं असू शकतात.

## पहिल्या आठवड्यात घरच्यांनी करायचं

सोसायटी, समोरचं दुकान, टोलनाका यांचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. म्हणून ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज पहिल्या दोन-तीन दिवसांतच द्या आणि पोचेची सही घ्या. पोलीस ठाण्यातलं चित्रण जपण्यासाठी वकिलामार्फत कोर्टात अर्ज करा. एफआयआर, पंचनामा, कलम ५० चं पत्र, अटकेची कारणं आणि रिमांड अर्ज यांच्या प्रती एका फाइलमध्ये वेळेच्या क्रमाने लावा आणि प्रत्येक कागदावरची वेळ वेगळ्या पानावर उतरवा. खबर, छापा, जप्ती, अटक या चार वेळा एकमेकींशी जुळतात का, ते वकिलाला त्या पानावरून दाखवा.